पहिली स्पोर्ट बाइक कुठली घेऊ, ताई?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: "मी २५ वर्षांची. मूळची कराडची, सध्या वारज्याला राहते, नोकरी हिंजवडीत. रोज जाऊन-येऊन ३५ किलोमीटर होतात. सहा वर्षं ॲक्टिव्हा चालवते आहे. गिअरची गाडी दादाच्या स्प्लेंडरवर शिकले. बारावीत असल्यापासून यामाहाची आर १५ डोक्यात आहे. आता स्वतःच्या पैशांनी स्पोर्ट बाइक घ्यायची आहे. रोज ऑफिसला, शनिवार-रविवारी पानशेत-ताम्हिणी आणि महिन्यातून एकदा कराडला. हेल्मेट-बिल्मेट सगळं धरून पावणेतीन लाख जमवलेत. दादा म्हणतो, छोटी घेतलीस तर सहा महिन्यांत कंटाळशील, एकदाच केटीएमची आरसी ३९० घे, वरचे पैसे मी घालतो. त्याच्या मित्राची ३९० दोनदा चालवली. मजा आली. पण दुसऱ्यांदा सिग्नलला थांबताना गाडी कलली ती सावरलीच नाही, दोघांनी येऊन उचलली. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. मला भीती वाटते असं नाही, पण काय करावं कळत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही."

तू मला पत्रात ताई म्हटलंस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते. पुण्यात गिअरची गाडी चालवायला लागून मला अठरा वर्षं झाली. त्यातली पाच वर्षं अशाच वाकून बसायच्या गाडीवर गेली. त्यामुळे तुझा सिग्नल, ती कललेली गाडी, उचलायला धावलेले ते दोघे आणि त्यानंतर कानाशी चढलेला गरमपणा हे सगळं मला न सांगता कळलं.

आधी एक गोष्ट बाजूला करू. बारावीपासून एक गाडी आवडते, म्हणून ती घ्यायची आहे, हे कारण पुरेसं आहे. तू पत्रात अर्धं पान खर्च करून अ‍ॅव्हरेज, सर्व्हिसिंग, रिसेल असं सगळं मांडलंयस, जणू आवडीला कुणाकडून तरी मंजुरी आणायची आहे. तशी गरज नाही. रोजचा प्रवास स्कूटरवरही होतो, स्प्लेंडरवर तर आणखी स्वस्तात होतो. स्पोर्ट बाइक माणूस आवडते म्हणूनच घेतो. तेवढं मान्य केलंस की पुढचे प्रश्न सरळ होतात.

आता दादाचं "सहा महिन्यांत कंटाळशील". हे वाक्य गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी ऐकवतं आणि सांगणारा मायेनंच सांगत असतो. पण आकडे बघ. तुझी ॲक्टिव्हा पावणेआठ-आठ पीएसची (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) आणि १०६ किलोच्या आसपास. आर १५ ची ताकद १८.४ पीएस, वजन १४१-१४२ किलो. आरसी ३९० ची ताकद ४३ पीएसच्या पुढे आणि वजन १७२. म्हणजे आर १५ वर बसलीस तरी तुझ्या हाताखाली आजच्या दुपटीहून जास्त ताकद येते. ३९० वर ती साडेपाच पट होते आणि अंगावर ६५ किलो जास्त वजन येतं, म्हणजे अख्खा एक माणूस.

शिवाय ताकद कशी येते, यातही फरक आहे. आर १५ चं १५५ सीसीचं इंजिन खालच्या आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला कमी फेरे होत असताना, शांत असतं. ७,४०० च्या वर गेलं की त्याचे व्हॉल्व्ह वेगळ्या पद्धतीने उघडायला लागतात आणि मग ते जागं होतं. चांदणी चौकाच्या गर्दीत तुझा हात चुकून थोडा जास्त फिरला तर गाडी तुला माफ करते. ३९० तशी माफ करत नाही. ती वाईट गाडी नाही, उलट फार सुंदर गाडी आहे. पण चुकून फिरलेल्या हातालाही ती मनापासून साथ देते, आणि पहिल्या वर्षात हात चुकतातच.

कंटाळ्याबद्दल माझा अनुभव असा, की घाटात माणूस अडतो तो गाडीच्या ताकदीमुळे फार क्वचित. तो अडतो वळणावर. नजर कुठे ठेवायची, ब्रेक कधी सोडायचा, गिअर आधी खाली घ्यायचा की नंतर, हे येत नसतं तोवर ४३ पीएस आणि १८ पीएस दोघंही त्या वळणातून सारख्याच भित्र्या वेगाने जातात. छोट्या गाडीवर हे शिकता येतं, कारण ती पूर्ण पिळता येते. आर १५ वर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर शर्यती होत आल्या आहेत. ट्रॅकवर पोरांना जी पुरते, ती तुला पानशेतच्या रस्त्यावर सहा महिन्यांत कमी पडेल असं मला वाटत नाही. आणि दोन वर्षांनी खरंच कमी पडली, तर तेव्हा मोठी घे. तोवर ती पेलायला तुझे हात तयार झालेले असतील.

आता त्या सिग्नलबद्दल. तू सगळा दोष उंचीवर टाकलायस. मला शंका आहे की कारण दुसरंच असावं. तू लिहिलंयस, "थोडी डावीकडे घेऊन थांबत होते." म्हणजे हँडल वळलेलं होतं, गाडी चालण्याच्या वेगात होती आणि तू पुढचा ब्रेक दाबलास. असं केलं की कुठलीही गाडी ज्या बाजूला हँडल वळलंय त्या बाजूला आपटते. सहा फुटी माणसाचीही आपटते, फक्त तो लांब पायाने एखाद वेळी वाचतो. म्हणून थांबताना शेवटच्या दोन मीटरला हँडल सरळ, पुढचा ब्रेक हलकेच सोडून द्यायचा आणि उजव्या पायाच्या मागच्या ब्रेकवर गाडी उभी करायची. डावा पाय खाली, उजवा पाय ब्रेकवर. दोन्ही पाय टेकायलाच हवेत हा आग्रह स्कूटरचा आहे. सीटवरून थोडी डावीकडे सरकलीस की पाच फूट दोन इंचाला आर १५ च्या ८१५ मिलिमीटरच्या सीटवरून एक पाय टेकतो. शोरूमवाला गाडी खाली बसवून देतो म्हणाला तर नको म्हण. मागचं सस्पेन्शन खाली घेतलं की गाडी वळताना वेगळी वागते आणि आपल्याकडच्या गतिरोधकांवर पोट घासतं ते वेगळंच.

यापेक्षा मला जास्त काळजी तुझ्या डाव्या हाताची आहे. सहा वर्षं त्या हाताने तू ब्रेक दाबलायस. कुत्रं आडवं आलं, रिक्षा अचानक वळली, की डावी मूठ आपोआप आवळते आणि ॲक्टिव्हा थांबते, कॉम्बी ब्रेकमुळे पुढचं चाकही थोडं धरतं. गिअरच्या गाडीत त्या मुठीत क्लच आहे. घाबरून तो आवळलास की इंजिन सुटतं आणि जी थोडीफार अडवणूक इंजिन करत होतं तीही जाते. गाडी उलट मोकळी पळते. तुला वाटत राहतं की मी तर ब्रेक दाबलाय. स्कूटरवरून थेट मोठ्या गाडीवर गेलेल्या मुलींना आणि मुलांनाही मी याच एका गोष्टीने पडताना पाहिलं आहे. स्प्लेंडरवर तू शिकलीस, पण रोज चालवलीस ती ॲक्टिव्हा. सवय तिचीच आहे.

याला सरावाखेरीज उपाय नाही, पण सराव सोपा आहे. रविवारी सकाळी सातला एखादं मोकळं मैदान किंवा बिनवर्दळीचा सरळ रस्ता गाठ. ताशी ३० वरून दोन्ही ब्रेक लावून थांब. दहा वेळा. मग ४०, मग ५०. पुढचा ब्रेक झटका देऊन न दाबता लिंबू पिळल्यासारखा वाढवत न्यायचा. चाक जाम होऊ न देणारं एबीएस चालू झालं की हाताखाली लिव्हर धडधडतं, ते घाबरायचं नसतं, तसंच धरून ठेवायचं. हे पहिल्यांदा मैदानात कळलेलं बरं. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, हे पुस्तकात वाचून पटत नाही, तिथे दगड ठेवून मोजलं की पटतं. दोन-तीन रविवार एवढंच कर. कंटाळवाणं आहे, पण याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही मला माहीत नाही.

गाडी निवडताना सगळे रविवारच्या सकाळचा विचार करतात. धुकं, रिकामा रस्ता, मुळशीचं पाणी. तू मंगळवारी संध्याकाळी साडेसहाचा भूमकर चौक डोळ्यांसमोर आण, कारण तुझी गाडी आठवड्यातले पाच दिवस तिथे असणार आहे. वाकून बसायच्या गाडीत हँडल खाली, फुटरेस्ट मागे. वेग असतो तेव्हा वारा छातीला थोडं उचलून धरतो. वीसच्या वेगात वारा नसतो, म्हणून धडाचं सगळं वजन तळहातांवर येतं. पाऊण तासाने अंगठ्याच्या मुळाशी बधिरपणा येतो. नवीन लोक त्यावर हँडल आणखी घट्ट धरतात, त्याने ते वाढतं. गुडघ्यांनी टाकी दाबून धरायची, पोट-पाठ ताठ, कोपरं सैल. हाताने नुसता गाडीचा अंदाज घ्यायचा, लटकायचं नाही. महिनाभर पाठ दुखेल, मग बसते. दुखतच राहिली तर मात्र तो तुझ्या शरीराचा कौल समज. ३९० ला गर्दीत इंजिनाची धगही पायाला जाणवते, आणि पावसाळ्यात रेनकोटच्या आत ती आणखी छळते.

अजून एक. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगला उतार आहे का? सकाळी दोन गाड्यांच्या मधून गाडी मागे ओढून, उतारावर वळवून बाहेर काढायची असते. या गाड्यांचं हँडल फार कमी वळतं, टाकीला अडतं. स्कूटरसारखी एका झटक्यात वळत नाही, दोन-तीनदा मागेपुढे करावी लागते. १४० किलो आणि १७० किलो यांतला फरक घाटात कधीतरी कळतो, पार्किंगमध्ये रोज सकाळी पावणेनऊला कळतो. ट्रायल घेताना शोरूमच्या फाटकातून सुसाट जाऊन येऊ नकोस. गाडी हाताने ढकल, मागे ओढ, अर्ध्या क्लचवर चालण्याच्या वेगात पन्नास मीटर ने, एक यू-टर्न मार. आणि शक्य असेल तर तीच गाडी दोन दिवस भाड्याने घे आणि ऑफिसला ने. पुण्यात अशा गाड्या मिळतात. ते हजार-दोन हजार रुपये वसूल होतात.

मग कुठली? तुझ्या पैशांत आणि तुझ्या कामाला माझ्या मते दोनच गाड्या नीट बसतात.

एक तुझी आर १५. हलकी, चालवायला अतिशय प्रामाणिक, अ‍ॅव्हरेज चाळिशीच्या पुढे, क्लच मऊ. २००८ पासून ती आपल्या रस्त्यांवर आहे, त्यामुळे तिचं काम येत नाही असा मेकॅनिक मिळणं अवघड, कराडलाही. तिचा एकच त्रास, बसणं. या दोघींत जास्त वाकवणारी गाडी तीच आहे.

दुसरी सुझुकी जिक्सर एसएफ २५०. दिसायला तिच्यात आर १५ चा नखरा नाही, हे मी कबूल करते. पण हँडल बरंच वर आहे, सीट ८०० मिलिमीटरवर, ताकद साडेसव्वीस पीएस आणि ती खालपासून मिळते. वजन १६१ किलो, म्हणजे आर १५ पेक्षा वीस किलो जास्त, हे पार्किंगमध्ये जाणवेल. तू महिन्यातून एकदा कराडला जाणार म्हणतेस. एका बाजूने १६० किलोमीटर, हायवेला ट्रकांची रांग आणि खंबाटकीचा चढ. तिथे ट्रक ओलांडताना २५० सीसीचा जोर हाताशी असला की जीव खालीवर होत नाही. आर १५ वरही जाता येतं, अनेक जण जातात, फक्त गिअर खाली घेऊन इंजिन ओरडवायची तयारी ठेवावी लागते.

बाकीच्या पटकन सांगते. चाकणला बनणारी आरसी २०० फार चपळ आहे, पण बसणं कडक. पल्सर आरएस २०० आणि करिझ्मा एक्सएमआर या दोघी पंचविशीच्या आसपास पीएसच्या. दोन्ही चालवून बघायला हरकत नाही, करिझ्मा थोडी जास्त ऐसपैस. बारामतीत बनणारी एप्रिलिया आरएस ४५७ बघायला जाशील, जा, पण पाकीट घरी ठेवून जा. ती दुसरी गाडी म्हणून घ्यायची. आणि मनगटांनी अगदीच नाही म्हटलं तर यामाहा एमटी १५ आहे. इंजिन आर १५ चंच, बसणं ताठ, पुढचं प्लास्टिकचं आवरण, म्हणजे फेअरिंग, नाही. ते आवरण नसण्याचा फायदा पहिल्यांदा पडलीस की कळतो, कारण जागच्या जागी कललेल्या गाडीचंही फेअरिंग तडकतं आणि त्याचं बिल दुखतं.

माझं मत विचारशील तर तुझा रोजचा रस्ता आणि कराड बघून मी एसएफ २५० म्हणेन. पण दोन्ही गाड्या ऑफिसला नेऊन बघितल्यावर तुझा जीव आर १५ वरच असेल, तर आर १५ घे आणि माझं हे वाक्य विसर. ज्या गाडीकडे पार्किंगमधून निघताना मान वळवून बघावंसं वाटतं, ती माणूस धुतो, तिची चेन वेळेवर साफ करतो, हवा तपासतो. सांभाळलेली गाडी सुरक्षित राहते. ३९० मात्र आत्ता नको. दादाचे पैसे मिळत असले तरी नको. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे, त्याखालच्या गाड्यांवर १८. म्हणजे दादा घालणार असलेल्या पैशांतला बराचसा भाग करातच जाईल.

पावणेतीन लाख सगळे गाडीत घालू नकोस. पंचवीस-तीस हजार आधीच बाजूला काढ: आयएसआय मार्कचं, गालांना दाबून बसणारं हेल्मेट, खांद्या-कोपरांना संरक्षण असलेलं जॅकेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट. हातमोजे मुलींच्या मापाचेच घे. मोठे असले की बोटांची टोकं लिव्हरवर दुमडतात. आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळून त्यावर हेल्मेट घालायची आपली पुण्याची पद्धत या गाडीवर सोडून दे. त्या जाड घड्यांमुळे हेल्मेट वर बसतं, डोक्यावर फिरतं, आणि कडेचं दिसत नाही. हेल्मेटच्या आत घालायचा पातळ बालाक्लाव्हा, म्हणजे डोकं-तोंड झाकणारी टोपी, मिळतो, तो घाल. केस मानेशी खाली बांध.

लायसन्स आज काढून बघ. फक्त विनागिअरचं असेल तर आधी आरटीओत गिअरचा वर्ग वाढवून घे. कार्डावर तो एमसीडब्ल्यूजी असा लिहिलेला असतो. अनेक मुलींनी स्कूटरवर परीक्षा दिलेली असते आणि हे वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावा यावरच अडकतो.

पहिला महिना फक्त ऑफिस, डबलसीट कुणाला घ्यायचं नाही. मग खडकवासला-पानशेत, सकाळी लवकर निघून नऊच्या आत परत. ताम्हिणीला पहिल्यांदा जुलैत जाऊ नकोस. मला माहीत आहे की धबधबे तेव्हाच असतात. पण तेव्हा वळणावर थांबलेल्या गाड्या असतात, सेल्फी काढणारे रस्त्यात असतात, शेवाळ आणि ओला पाला असतो, आणि पौडपासून पुढे कधी कधी धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये जा. रस्ता कोरडा असतो, डोंगर अजून हिरवे असतात. वळणावर खडी दिसली तर खडीकडे बघायचं नाही, जिथून जायचंय तिकडे बघायचं. गाडी नजरेच्या मागे जाते, हे तुला तिसऱ्या-चौथ्या वळणाला स्वतःलाच जाणवेल. कराड सगळ्यात शेवटी, तीनेक महिन्यांनी, आणि उजेडात.

"मला भीती वाटते असं नाही" हे वाक्य तुझ्या पत्रात तीनदा आलंय. वाटत असेल तर वाटू दे गं. त्या दिवशी १७२ किलो अंगावर येताना तुला जे वाटलं, ते अगदी योग्य होतं. दादाला ते तसंच सांग. "मला ही पेलत नाही, मला दुसरी घ्यायची आहे," एवढंच. त्याला मदत करायचीच असेल तर वरच्या पैशांऐवजी त्याचे तीन रविवार माग. मैदानात दगड ठेवायला आणि अंतर मोजायला कुणीतरी लागतंच.

आणि आईला गाडी दारात आल्यावर सांगू नकोस. आधी सांग. चिडेल, दोन दिवस नीट बोलणार नाही. मग विचारेल, हेल्मेट कुठलं घेतलंस. तेव्हा तिला घेऊन हेल्मेट घ्यायला जा. कुठलं घट्ट बसतंय हे गालांत बोट घालून बघायचं काम तिच्याकडेच दे.